घरचा गणपती गावी असताना परदेशात मित्रांबरोबर शेअर फ्लॅटवर वेगळा बसवला तर चालतो का? आणि तयारी कशी करू?

संगमेश्वरी_पोरगा

नमस्कार मंडळी,

मी स्टुटगार्टला मास्टर्स करतोय. वायहिंगेनला युनिव्हर्सिटीजवळ चौघांनी मिळून फ्लॅट घेतलाय, मी, एक मल्याळी मित्र, एक हैदराबादची तेलुगू मुलगी आणि एक जर्मन मुलगी. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला सोमवारी येतेय आणि माझं गावी जाणं होत नाहीये, थिसिस जमा करायची तारीख लगेच नंतरची आहे आणि त्या दिवसांतलं तिकीट परवडण्यासारखं नाही.

गावी आमच्याकडे गौरी-गणपती, आजोबांच्याही आधीपासूनचा. चार भावांचं मिळून एक घर, एरवी सगळे मुंबई पुणे चिपळूण असे पांगलेले, पण गणपतीला माजघरात पाय ठेवायला जागा नसते, मखर बांधताना रात्री दोनपर्यंत वाद, बायकांच्या फुगड्या, वाडीतल्या प्रत्येक घरी आरतीला जायचं आणि प्रत्येक घरी काहीतरी खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. इथे आल्यापासून मी ते सगळं फोनवर बघतो. बघून फोन ठेवल्यावर जे वाटतं ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यावर वेगळं लिहीत नाही.

तर परवा जेवताना हा विषय निघाला आणि मल्याळी मित्र म्हणाला की अरे मग इथेच बसवू या की, मी ओणमला सद्या, म्हणजे केळीच्या पानावरचं जेवण, केलं तेव्हा तुम्ही सगळे जमिनीवर बसून जेवलातच ना. हैदराबादची तर लगेच यादी करायला लागली, तिच्या घरीही चवितीला, म्हणजे त्यांच्या चतुर्थीला, मोठं असतं. जर्मन मैत्रीण म्हणाली मला काय करायचं ते सांगा फक्त. म्हणजे मनुष्यबळ आहे, उत्साह आहे, अडचण माझ्या डोक्यात आहे.

आजी म्हणते एका घराचे दोन गणपती नसतात. एक मित्र म्हणतो एकदा बसवला की दरवर्षी बसवावाच लागतो, मोडता येत नाही, आणि मी पुढच्या वर्षी कुठल्या शहरात असेन मलाच माहीत नाही. गुरुजी नाहीत, मला पूजा बघून माहीत आहे पण स्वतः कधी सांगितलेली नाही, घरी बाबा आणि काका करतात. फ्रीज चौघांचा एकच, त्यात चिकन सॉसेज सगळं असतं. छताला स्मोक अलार्म. मूर्ती कुठून आणू, मोदक जमतील का, विसर्जन कुठे करू, नेकार नदीत चालतं का? आणि सोमवार, म्हणजे सगळ्यांचं कॉलेज-ऑफिस. जसं सुचेल तसं सांगा, अगदी बारीकसारीक सांगितलंत तरी चालेल.

मैत्रेयी_कोथरूड

आधी आजीचं बोलणं घेते कारण तेच तुला जास्त टोचतंय असं दिसतंय. एका घराचा एक गणपती ही रीत बहुतेक ठिकाणी चुलीशी बांधलेली आहे. भावाभावांची चूल एक तोवर गणपती एक, चुली वेगळ्या झाल्या की कुणी वेगळा बसवतात, कुणी मूळ घरीच एकत्र करतात. आमच्याकडे सासरे नोकरीसाठी लांब गेले तेव्हा त्यांनी वेगळा बसवला आणि कोकणातला मूळचा पण चालूच राहिला, कुणाला त्यात खटकलं नाही. पण घराघराचा कुळाचार वेगळा असतो, त्यामुळे इथे आम्हा दहा जणांना विचारण्यापेक्षा आजीलाच फोन कर आणि परवानगी मागू नकोस, कसं करू ते विचार. म्हणजे आजी मला इथे देवासमोर दिवा लावून आरती करायचीय, तू सांग कशी करू. फरक पडतो बघ. मोठ्या माणसांना बहुतेक वेळा भीती असते ती पोरगं घरच्या गणपतीपासून तुटेल याची. तू विचारलंस की ती भीतीच जाते.

आणि तरीही घरचे नको म्हणाले तर मूर्तीची प्राणप्रतिष्ठा न करता घरातला असलेला फोटो किंवा छोटी पितळी मूर्ती मांडून पूजा कर, नैवेद्य दाखव, आरती कर. देवघरातल्या देवाची पूजा करायला कुणाची हरकत असणार? ज्यांच्याकडे धातूची मूर्ती आहे ते पुष्कळदा सुपारीवर गणपतीचं आवाहन करतात आणि नंतर सुपारीचंच विसर्जन करतात, तेही करता येईल.

सोमवारचं म्हणशील तर दीड दिवसाचा बसव, सोमवारी आणून मंगळवारी संध्याकाळी विसर्जन. दीड दिवस म्हणजे कमी असं काही नाही, मुंबईत कितीतरी घरांत पिढ्यान्पिढ्या दीडच दिवस असतो. स्थापनेची वेळ मध्यान्हीची धरतात, ती जिथे बसवतोस तिथली. स्टुटगार्टला सप्टेंबरात सूर्य डोक्यावर यायलाच घड्याळात सव्वा वाजून जातो. दुपारी दोन तास सुट्टी मिळाली तर उत्तम.

आप्पा_मिरज

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. ज्या शहरात महाराष्ट्र मंडळ आहे तिथे मंडळाच्या गणपतीला जावं, हातभार लावावा, चार कामं अंगावर घ्यावीत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, परदेशात एकट्या पडलेल्या माणसांना धरून ठेवायलाच ही मंडळं निघाली. घरी बसवायचा म्हणजे सोवळं-ओवळं, नैवेद्य, घरात सतत माणूस, मूर्ती एकटी सोडून जायची नाही. भाड्याच्या घरात, तेही चार प्रकारच्या लोकांत, नीट होणार नसेल तर करू नये असं माझं प्रामाणिक मत. आमच्या लहानपणी घरात अडचण असली तर तसंच शेजारच्या गणपतीला नमस्कार करून यायचो.

मैत्रेयी_कोथरूड

आप्पा, मंडळात जावंच, त्याबद्दल वाद नाही. पण मंडळाचे कार्यक्रम बहुतेक शनिवार-रविवारी असतात कारण हॉल आणि लोक तेव्हाच मिळतात, आणि तिथे हा मुलगा पाहुणा असणार. त्याला जे आठवतंय ते मखरावरून रात्री दोनपर्यंत भांडणं, ते हॉलमध्ये रांगेत उभं राहून प्रसाद घेण्यात मिळत नाही. त्याच्याकडे तीन जण स्वतःहून आम्हाला काम द्या म्हणतायत, असं घर मिळायला भाग्य लागतं. आणि माणूस सतत घरात हवा म्हणाल तर चौघांनी आळीपाळीने थांबायचं, दीड दिवसाचा तर प्रश्न आहे.

फोंडेकार

मी गोव्याचा, आमच्याकडे चवथ म्हणतात. मूर्ती मिळाली नाही म्हणून अडू नका. पोर्तुगीजांच्या काळात हिंदूंच्या सणांवर बंदी आली तेव्हा लोकांनी कागदावरचं गणपतीचं चित्र, नाहीतर नुसती पत्री ठेवून लपून पूजा केली असं आमच्याकडे सांगतात, आणि काही घरांत अजूनही मातीची मूर्ती आणत नाहीत, कागदाचाच गणपती पूजतात. घरात जागा आहे, मूर्ती आणायची ऐपत आहे, तरी कागदाचाच, कारण वाडवडिलांनी तसा सांभाळला. त्यामुळे परदेशात एका कागदावर तुम्ही स्वतः गणपती काढून पुजलात तर तो कमी दर्जाचा झाला असं मला तरी वाटत नाही.

दुसरं, माटोळी करा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला त्या मोसमात रानात-शेतात जे जे येतं ते सगळं बांधायचं, आमच्याकडे सुपारीचे घोस, नारळ, तोरिंजन, काकड्या, चिबूड, रानातली फळं. तुमच्याकडे सप्टेंबरात सफरचंदं, द्राक्षं, मक्याची कणसं, भोपळे, प्लम असणारच. तेच बांधा. जिथे राहता तिथल्या मातीतलं बांधायचं असतं, गोव्याची फळं शोधत बसू नका. छताला खिळा मारायला मालक देत नसेल तर कपडे वाळत घालायचा स्टँड टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभा करून त्यावर काठी टाका, पुरतं. आणि हे काम अशा माणसाला द्या ज्याला पूजेतलं काही येत नाही पण हाताने काहीतरी करायचंय. तुमची जर्मन मैत्रीण.

संगमेश्वरी_पोरगा

फोंडेकार, हे वाचून दाखवलं तर हैदराबादच्या मैत्रिणीने उडीच मारली, म्हणते आमच्याकडे हेच असतं, त्याला पालवेल्ली म्हणतात, गणपतीवर टांगतात आणि फळं बांधतात! तिला मी इतके दिवस ओळखतो आणि हे आत्ता कळलं. माटोळी तिने आणि जर्मन मैत्रिणीने घेतली, ठरलं.

आजीशी बोललो. मैत्रेयीताई तुम्ही म्हणालात तसंच विचारलं. पाच मिनिटं गप्प होती, मग म्हणाली दीड दिवसच बसव, मातीचाच बसव, आणि आमच्या इथली पूजा झाल्याशिवाय तुझी सुरू करू नकोस. वेळेचा फरक आत्ता साडेतीन तासांचा आहे म्हणजे गावी साडेबाराला पूजा उरकली तरी इथे सकाळचे नऊच वाजलेले असतात, त्यामुळे दुपारची पूजा आरामात होईल. बाबा म्हणाले मी व्हिडिओवर बसतो आणि एकेक सांगत जातो, तू कर. त्यामुळे गुरुजींचा प्रश्न सुटला. आता राहिली मूर्ती आणि स्वयंपाक, आणि ते अलार्म-नदी प्रकरण.

ठाणेकर_फ्रँकफुर्ट

कायद्याचं मी सांगतो, इथे बरीच वर्षं आहे.

नेकारमध्ये विसर्जन नको. नदी-तलावात काही टाकायला इथे परवानगी लागते, मंडळंसुद्धा त्यामुळे बहुतेक टबातच करतात. बादलीत करायचं, मोठी बादली घ्या, फुलं आधी काढून बाजूला ठेवा, उत्तरपूजा करून मूर्ती जागेवरून थोडी हलवली की मग पाण्यात. न भाजलेली माती रात्रभरात विरघळते. ते पाणी कुंड्यांना घाला, किंवा इमारतीच्या बागेत घालायचं असेल तर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्याला, आधी विचारा. सिंकमध्ये अजिबात ओतू नका, माती पाइपात बसते आणि प्लंबरचं बिल डिपॉझिटातून जातं.

स्मोक अलार्म. बाडेन-व्युर्टेमबर्ग या तुमच्या राज्यात झोपायच्या खोल्या आणि बाहेर पडायचा पॅसेज इथे तो असावाच लागतो, किचनमध्ये सक्ती नाही. त्यामुळे गणपती किचन-कम-लिव्हिंगमध्ये बसवा, बेडरूमचं दार बंद, खिडकी सताड उघडी. निरांजनाने काही होत नाही, समईनेही नाही, वाजतो तो धूप, ढीगभर अगरबत्त्या आणि कापूर यांनी. कापराची एकच छोटी वडी, खिडकीजवळ. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा बॅटरी काढणं असले उद्योग करू नका, इन्शुरन्सचा घोळ होतो आणि खरंच आग लागली तर काय. तुम्ही फ्लॅटमध्ये आहात ते बरं, जे स्टुडंट होस्टेलला राहतात त्यांच्याकडे अलार्म थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असू शकतो आणि फुकटचा बंब आला तर त्याचं बिल येतं.

रात्री दहानंतर शांतता, म्हणजे टाळ-झांजा नऊपर्यंत आटपा. जिन्यात दोन दिवस आधी एक चिठ्ठी लावा, आमच्याकडे सोमवारी आणि मंगळवारी पूजा आहे, संध्याकाळी अर्धा तास गाण्यांचा आवाज येईल, प्रसादाला या. हे इथे सगळेच करतात, वाढदिवसाच्या पार्टीलाही. माझ्या इमारतीतल्या आजी त्या चिठ्ठीमुळे पहिल्यांदा आमच्या दारात आल्या आणि आता ऑगस्ट लागला की त्याच विचारतात यंदा कधी म्हणून.

अजून एक, घरून कुणी येणार असेल आणि सामान मागवणार असाल तर तूप, पेढे, खव्याचे मोदक मागवू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमने काढून घेतलं की जीव हळहळतो. ताजी पानं-फुलंही नाहीत, त्यामुळे दुर्वा, जास्वंद, हळदीची पानं राहिली. नारळ मात्र चालतो! ताज्या फळांत अननस, केळी, खजूर, नारळ आणि डुरियन एवढ्यांनाच सर्टिफिकेट लागत नाही. बाबांना सांगा एक परसातला नारळ पाठवा, पूजेत तो ठेवा.

उकड_आणि_सारण

मोदकांसाठीच लॉगिन केलं, कारण परदेशात मुलं मोदकाला घाबरतात आणि मग साच्यात दाबलेले मिल्क पावडरचे काहीतरी करतात. उकडीचे जमतात, नीट वाच.

पीठ: इंडियन दुकानात तांदळाचं पीठ मिळतं ते बहुतेक जाडसर आणि जुनं असतं, भाकरीला ठीक, मोदकाला चिरा जातात. एशियन दुकानातलं थाई तांदळाचं पीठ अगदी बारीक असतं, ते घे. पण तिथेच शेजारी तसंच दिसणारं चिकट तांदळाचं पीठ असतं ते चुकूनही घेऊ नकोस, पाकिटावर ग्लुटिनस लिहिलेलं असतं, त्याचे मोदक वाफेत बसतात ते उठत नाहीत. दोन्ही पिठं निम्मी-निम्मी मिसळलीस तर अजून चांगलं, चव देशी पिठाची येते आणि लवचिकपणा थाई पिठाचा.

दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी, त्यात चमचाभर तूप, चिमूट मीठ, पाणी खळाखळा उकळलं की गॅस बारीक करून पीठ घाल, उलथन्याच्या दांड्याने ढवळ, झाकण ठेवून दोन वाफा आण आणि बंद करून दहा मिनिटं तसंच राहू दे. मग गरम असतानाच मळायचं, हाताला पाणी आणि तूप लावून, अजिबात गाठ राहता कामा नये. सगळा मोदक या मळण्यावर आहे, आई-काकू पारीच्या कळ्या पाडतात ते आपण बघत बसतो पण खरं काम त्याआधी परातीत झालेलं असतं. एवढ्यात वीस-एकवीस मोदक होतात.

सारण: एशियन दुकानात फ्रोझन खोवलेलं खोबरं मिळतं, उत्तम. नाही मिळालं तर सुपरमार्केटमधला कोरडा कीस कोमट दुधात अर्धा तास भिजव. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, वेलची, जायफळ, थोडी भाजलेली खसखस. पाणी सुटलं पाहिजे आणि परत आटलं पाहिजे, पण कडक होईपर्यंत परतू नको. तूप तर तिथे फारच सोपं आहे, बिनमिठाचं लोणी कढव, पाव किलोला साधारण दोनशे ग्रॅम तूप निघतं, आणि वेळच नसेल तर सुपरमार्केटमध्ये बुटरश्माल्त्स म्हणून मिळतं ते तूपच असतं.

पाऱ्या जमत नसतील तर मधला भाग जाड आणि कडा पातळ एवढंच सांभाळ. कळ्या पाचच आल्या तरी मोदकच असतो. वाफवण्याआधी प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून काढ, तडे जात नाहीत. चाळणीत केळीचं पान टाक, एशियन दुकानात फ्रोझन मिळतं, नाहीतर ओलं फडकं. झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं. आणि रविवारी चार मोदकांची ट्रायल घे, सोमवारी सकाळी पहिल्यांदा पीठ हातात घेऊ नकोस.

बाकी नैवेद्याला वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर पुरे, कांदा-लसूण नको. अळूऐवजी तिथला मांगोल्ड म्हणून मोठ्या पानांचा चार्ड येतो त्याचं फतफतं छान होतं, चिंच-गूळ घालून, शेंगदाणे घालून. पंचमीला मंगळवारी ऋषीची भाजी करायची असेल तर तोच मांगोल्ड, भोपळा, मक्याचे तुकडे, फरसबी, सगळं एकत्र शिजवायचं, तेल-मसाला काही नाही.

हैदराबादी_मराठी

आमचं घर मराठी पण मी जन्मलो-वाढलो हैदराबादला, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीच्या बाजूने बोलतो. तिच्या घरी एकवीस प्रकारच्या पत्रींनी पूजा होते, मुलांची पुस्तकं देवासमोर ठेवतात, मग व्रतकथा वाचतात, स्यमंतक मण्याची, हातात अक्षता धरून ऐकायची आणि शेवटी डोक्यावर घ्यायच्या. चंद्र चुकून दिसला तर आळ येऊ नये म्हणून. तुमच्याकडेही चतुर्थीचा चंद्र बघत नाहीतच. तर आरती तुमची आणि कथा तिची असं करा ना. ती उंड्राळ्ळू करेल, त्या गोळ्याही तांदळाच्याच, उकडलेल्याच, म्हणजे एकाच पातेल्यात होईल. आणि मल्याळी मित्राला उण्णियप्पम करायला सांगा, कोट्टारक्करच्या गणपतीला तोच नैवेद्य असतो, तांदूळ-गूळ-केळ्याचे गोड अप्पे. चौघांचे लॅपटॉप आणि तुमची थिसिसची प्रत देवासमोर ठेवा, पुस्तकं ठेवायची पद्धत तीच.

आरत्या रोमन लिपीत टाइप करून प्रिंट काढा, सगळ्यांच्या हातात एकेक कागद. जे नुसत्या टाळ्या वाजवत उभे राहतात ते दुसऱ्या कडव्याला गायला लागतात, हे दरवर्षी बघतो.

मातीकाम

मूर्तीबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून. पेणहून मूर्ती परदेशात जातात पण त्या महिनोन्महिने आधी निघतात, आत्ता ऑगस्टात ऑर्डर करून उपयोग नाही. इंडियन दुकानात काही ठिकाणी येतात पण विचारून घ्या प्लास्टर आहे की माती, प्लास्टर बादलीत विरघळत नाही.

स्वतः करा. कुंभारकामाचं सामान विकणारं दुकान शोधा, तिथे साधी नैसर्गिक माती मिळते, टोन म्हणतात, दोन-तीन किलो भरपूर झाली. हॉबीच्या दुकानातली हवेत सुकणारी मॉडेलिंगची माती नको, त्यात पुष्कळदा कागदाचा लगदा किंवा चिकटवायचं काहीतरी असतं आणि मग ती पाण्यात नीट विरत नाही. सहा-सात इंचाचीच करा. आधी पाट, मग मांडी, पोट, डोकं, सोंड सगळ्यात शेवटी. जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मातीचंच पातळ पाणी लावायचं, नाहीतर सुकल्यावर हात गळून पडतो. पोट आतून थोडं पोकळ ठेवा म्हणजे तडे जाणार नाहीत. चतुर्थीच्या आठवडाभर आधी पूर्ण करा आणि सावलीत, ओल्या फडक्याखाली हळूहळू सुकवा, हीटरवर ठेवू नका. रंग हळद, कुंकू, गेरू, बस. डोळे शेवटी, आणि ते घरात ज्याचा हात स्थिर आहे त्याने काढावेत.

चौघांनी एकत्र बसून करा, एक संध्याकाळ जाते पण काय संध्याकाळ असते. दुसऱ्याने घडवलेल्या मूर्तीसमोर हात जोडणं आणि ज्याची सोंड आपण केलीय त्याच्यासमोर हात जोडणं, मी दोन्ही केलंय आणि मला दुसरं जास्त आवडतं.

आप्पा_मिरज

सगळं वाचलं. एवढ्या मनापासून तयारी चाललीय तर माझं म्हणणं मी मागे घेत नाही पण पोरांनो तुम्ही नीट कराल असं वाटतंय. एकच विचारतो, त्या फ्रीजचं काय ठरलं? आणि दरवर्षी बसवावा लागतो त्याचं?

मैत्रेयी_कोथरूड

फ्रीजचं तिघांशी आधी बोल, देवासाठी म्हणून सोवळ्याचा धाक घालू नकोस, दोन दिवस आपण सगळेच शाकाहारी खाऊ या का एवढं विचार. शुक्रवारी-शनिवारी संपवतील. एक खालचा कप्पा पुसून नैवेद्याच्या सामानाला ठेव. कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, तेव्हा मांसाहार म्हणजे बाटलं वगैरे त्या जर्मन मुलीला ऐकवायची वेळ आणू नको, फक्त आपल्या घरची रीत सांग.

आणि दरवर्षीचं. संकल्प करतानाच म्हणायचं की यंदा दीड दिवस करतोय, यथाशक्ती. मनात शब्द स्पष्ट असले की झालं. आपल्याकडे सुतक-सोयर आलं की त्या वर्षी गणपती बसत नाही, कधी कधी पुढच्या संकष्टीला करतात, कधी वर्ष चुकतं, म्हणून गणपती कायमचा रागावलाय असं मी कुठल्याच घरात ऐकलेलं नाही. पुढच्या वर्षी हा मुलगा बर्लिनला गेला आणि त्या फ्लॅटवर हैदराबादच्या मुलीने चविती केली तरी मला आनंदच आहे.

संगमेश्वरी_पोरगा

सगळ्यांचे खूप खूप आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, प्रिंट काढून किचनच्या दारावर चिकटवलंय.

ठरलंय ते सांगतो. पुढच्या शनिवारी माती आणायची, त्याच संध्याकाळी मूर्ती. डोळे मल्याळी मित्र काढणार, तो आर्किटेक्चरचा आहे आणि त्याचा हात खरंच स्थिर आहे. फुलांचं जर्मन मैत्रिणीने सोडवलं, इथे फिल्डरच्या बाजूला रस्त्याकडेला फुलांची शेतं आहेत, आपणच कापायची आणि डब्यात पैसे टाकायचे, ती म्हणते सप्टेंबरात डेलिया आणि ग्लॅडिओला भरपूर असतात, लाल डेलिया ती सकाळी सायकलवर जाऊन आणणार. दुर्वांना मी लॉनमधलं तीन पात्यांचं कोवळं गवत घेणार, आजी म्हणाली चालेल. जर्मन मैत्रिणीला स्वतःच्या घरचं पण काहीतरी करायचंय, प्लमचा केक, आत्ता त्याचाच सीझन आहे, तिच्या आजीची रेसिपी. देवाला दाखवला तर चालेल का? अंडं नाहीये त्यात, यीस्टचा आहे, मी विचारून घेतलं.

दुपारची सुट्टी मला आणि हैदराबादच्या मैत्रिणीला मिळाली, दुसरे दोघं संध्याकाळच्या आरतीला असतील. मंगळवारी दिवसा घरी मल्याळी मित्र. फ्रीजचं विचारलं तर जर्मन मैत्रीण म्हणाली दोनच दिवस ना, मग मी पूर्ण आठवडाच करते.

उकड_आणि_सारण

अंडं नाही ना, मग खुशाल दाखव. केळीच्या पानावर मोदक, उण्णियप्पम, उंड्राळ्ळू आणि तो केक असं ताट मांड, आधी पानाभोवती पाणी फिरव आणि तुळशीऐवजी दूर्वा ठेव, गणपतीला तुळस वाहत नाहीत हे त्या सगळ्यांनाही सांग कारण कुणीतरी प्रेमाने बेसिलचं पान नक्की ठेवेल. केक कापायचा नैवेद्य दाखवून झाल्यावर. आणि रविवारची मोदकांची ट्रायल विसरू नको, चिरा गेल्या तर फोटो टाक, पाणी कमी पडलं की मळणं, ते बघून सांगते.